पस्तीसच्या टोकाला

विमानतळावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत. कुंपणाचा खांब हलला, गटाराचा उतार चुकला, नव्या दिव्याला जागा हवी झाली, की तिपाई खांद्यावर टाकून मोजणीबाई हजर. पस्तिशी गाठलेली बाई, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, बोलायला कमी आणि लिहायला चोख. तिच्या वहीतला आकडा खोडलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या वर्षी धावपट्टीचा आकडा बदलायचं घाटत होतं. धावपट्टीचा आकडा म्हणजे काही घराचा नंबर नव्हे, मनाला येईल तो टाकायला. विमान धावायला उभं राहिलं की होकायंत्रावर त्याचं तोंड किती अंशांवर येतं ते बघायचं आणि जवळच्या दहाच्या पटीत आणून शेवटचं शून्य सोडून द्यायचं. इथली पट्टी बांधली तेव्हा उत्तरेच्या टोकावरून दक्षिणेला बघितलं तर एकशे चौऱ्याहत्तर अंश भरले होते. म्हणून त्या टोकावर सतरा. समोरून उलटं बघितलं तर तीनशे चौपन्न, म्हणून दक्षिणेच्या टोकावर पस्तीस. दोन्ही आकडे पांढऱ्या रंगात, माणसाच्या चौपट उंच.

पण होकायंत्र दाखवतं ती उत्तर एका जागी थांबत नाही. दरवर्षी केसभर सरकते. चाळीस वर्षांत केसाची दोरी होते, आणि एकशे चौऱ्याहत्तरचे पंच्याहत्तरच्या वर गेले की सतराचे अठरा आणि पस्तीसचे छत्तीस करावे लागतात.

"उत्तर म्हणजे काय भाडेकरू आहे का, घरं बदलायला?" टेपवाल्यानं विचारलं. हा तिचा मदतनीस. वयानं तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, गोल पोटाचा, सदैव कुरकुरणारा आणि कामाला वाघ.

"बदलते खरी. आणि आधी बोलू नका, पट्टा काढा."

"पट्टा?"

"त्याचं बक्कल लोखंडाचं आहे. सुई त्याच्याकडे धावेल. किल्ल्या, चाकू, सगळं गाडीत ठेवा आणि गाडी लांब उभी करा."

टेपवाल्यानं पट्टा काढला आणि एका हातानं विजार धरून दुसऱ्या हातानं काठी धरली. दिवसभर तो तसाच वावरला. सकाळचं विमान गेलं की दुपारच्या विमानापर्यंत पट्टी मोकळी असे. तेवढ्या वेळात तिनं तीन जागी तिपाई लावली. उत्तरेच्या टोकाला पट्टीची दिशा भरली एकशे पंच्याहत्तर अंश आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त. पट्टीच्या मध्यावरच्या मोजणीच्या दगडावर जवळजवळ तेवढीच. दक्षिणेच्या टोकाला, पस्तीसच्या पलीकडे गवतात मोजणीचा जुना दगड होता, तिथे भरली एकशे एकाहत्तर.

तिनं सुई झटकली, परत लावली. एकशे एकाहत्तर.

"विजार सोडू का मी?" टेपवाला म्हणाला. "बटणं लोखंडाची असतील."

"तुमची बटणं चार अंश खेचणार नाहीत," ती म्हणाली, पण हसली नाही.

तिपाई उचलून ती दहा पावलं पश्चिमेला गेली. आता एकशे चौऱ्याहत्तर. आणखी वीस पावलं गेली, पंच्याहत्तर आणि वर थोडं. म्हणजे दगडाच्या पूर्वेला, गटाराकडच्या बाजूला, जमिनीत काहीतरी लोखंडी होतं, आणि ते थोडंथोडकं नव्हतं. वरून काही दिसत नव्हतं. गुडघाभर गवत आणि जरासा खोलगट भाग, पावसाचं पाणी साचून राहावं असा.

दुपारी तिनं साहेबांपुढे वही ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त बदलीची वाट बघणारा होता.

"तिसरी नोंद सोडून द्या ना," तो म्हणाला. "उत्तर किती सरकली त्याचा छापील तक्ता काय सांगतो? पंच्याहत्तरच्या वर. दोन नोंदी जुळतात. झालं."

"नियमात दोन्ही टोकांची नोंद लागते. ही धरली तर सरासरी चौऱ्याहत्तर येते, आकडा बदलायलाच नको. सोडली तर बदलायला हवा. मग का सोडली ते मला लिहावं लागेल. आणि मला माहीत नाही."

"मोजणीबाई, तुम्ही ना..." साहेबानं कपाळाला हात लावला. "बरं. चार दिवस घ्या. खाली पाइप वगैरे असेल, जुन्या माणसांना विचारा."

मातीच्या कामातला जुना माणूस तिच्या ओळखीचा एकच होता, आणि त्याच्यासाठी तिला लांब जावं लागणार नव्हतं.

काका तिचे सख्खे काका नव्हते. विमानतळाच्या अग्निशमन दलात ते डोझर आणि बंब चालवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती आणि वसाहतीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटेच राहत होते. ती सात वर्षांची असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून काका घरात येत जात. तिला सायकल त्यांनी शिकवली. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सोडायला तेच. आईची कामावरून यायची वेळ टळली की तिला भरवायलाही तेच. घरात बापाची खुर्ची रिकामीच राहिली, पण बापाची बरीचशी कामं या माणसानं गुपचूप उचलली होती.

वडील इथेच मेकॅनिक होते. फवारणीचं एक छोटं विमान दुरुस्त करून, ते नीट झालं की नाही बघायला पायलटबरोबर स्वतः वर गेले. उतरताना विमानानं पट्टीच्या टोकाला नाक खुपसलं. दोघेही गेले. चौकशीच्या कागदात लिहिलं होतं: शेपटीकडे जाणाऱ्या तारेच्या जोडाला मेकॅनिकनं लॉकवायर घातली नव्हती, जोड सैल होऊन तार निसटली. लॉकवायर म्हणजे जोड फिरू नये म्हणून पिळून घालायची बोटभर पितळी तार. त्या बोटभर तारेपायी पायलटच्या बायकोनं आईशी बोलणं टाकलं आणि गाव सोडलं. आईला विमानतळावर टेलिफोनवर नोकरी मिळाली. कानाला यंत्र लावून चोवीस वर्षं ती सगळ्यांचे आवाज जोडत बसली, आणि पाठीमागची कुजबुजही त्याच कानांनी ऐकत राहिली. कधी कुणाशी भांडली नाही. फक्त कुणी तो कागद दाखवून काही बोललं की म्हणायची, "माझा नवरा चहाच्या बरणीचं झाकणही दोनदा फिरवून बघायचा."

काका ओट्यावर बसून भाजी निवडत होते.

"ये पोरी. आज लवकर सुटलीस?"

"काका, पस्तीसच्या टोकाला, दगडाच्या पूर्वेला, गटारापाशी खाली काय आहे?"

काकांच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं, पाइप म्हणाले असते, टाकी म्हणाले असते, तरी तिनं मान डोलावून वहीत लिहिलं असतं. पण ते काहीच बोलले नाहीत.

"कोण विचारतंय?" शेवटी ते म्हणाले.

"मीच. माझी सुई तिकडे फिरते."

काकांनी ताट बाजूला सरकवलं. हात मांडीवर दाबून धरले.

"विमान आहे," ते म्हणाले. "तुझ्या बापाचं."

तिला आधी शब्दच कळले नाहीत. घरात सांगितलं होतं की तुकडे चौकशीसाठी मोठ्या शहरात नेले. आईलाही तसंच सांगितलं होतं.

"संध्याकाळी पडलं," काका म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, निवडलेल्या भाजीकडे बघत होते. "दोघांना आम्ही काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी बडं माणूस उतरणार होतं. पट्टी साफ पाहिजे, टोकाला मोडतोड दिसता कामा नये. तेव्हाचा साहेब म्हणाला, फोटो काढलेत, दोन तुकडे शेडमध्ये ठेवा, बाकी ढकला खड्ड्यात. गटाराचा खड्डा खोदलेलाच होता. डोझर माझ्याकडे होता."

"आणि चौकशीवाले?"

"तीन दिवसांनी आले. फोटो बघितले. शेडमधले दोन तुकडे बघितले. चहा घेतला आणि गेले."

"म्हणजे त्यांनी ती तार..."

"त्यांनी विमान बघितलंच नाही, पोरी. शेपटीच्या तारा सगळ्या खाली होत्या. मी स्वतः लोटल्या."

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. ती उभीच होती, वही छातीशी धरून.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"नोकरी लागून आठ महिने झाले होते. म्हटलं, थोडं थांबू. मग कागद आला. म्हटलं, आता सांगून काय उपयोग. मग वर्ष गेलं. एकदा वर्ष गेलं की पुढची वर्षं मोजावी लागत नाहीत, आपोआप जातात."

"म्हणून येत होता तुम्ही आमच्याकडे? एवढी वर्षं?"

काकांनी डोळे मिटले.

"आधी म्हणूनच. खोटं कशाला बोलू. मग सवयीनं. मग मला दुसरं घरच नव्हतं."

ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण रडत नाही आहोत, नुसतं भरभर चालतो आहोत, आणि घराच्या उलट दिशेला.

आईला सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस तिनं ते गिळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आईनंच भांडी पुसता पुसता विचारलं, "काका आले नाहीत दोन दिवस. आजारी आहेत का?" आणि मग सगळं बाहेर पडलं. आईनं भांडं पुसणं थांबवलं नाही. पुसून झालेलंच भांडं ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"खाली आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी त्या टोकाकडे उघडणाऱ्या खिडकीत बसून चोवीस वर्षं फोन जोडले." बऱ्याच वेळानं तिनं भांडं ठेवलं. "खणता येईल?"

त्याचं उत्तर मोजणीबाईनं आधीच लिहून ठेवलं होतं. अर्जात बापाचं नाव नव्हतं, काकांचंही नव्हतं. मोजणीच्या दगडाजवळ मोठं लोखंड पुरलेलं आहे, ते काढल्याखेरीज दक्षिण टोकाची नोंद ग्राह्य धरता येणार नाही आणि त्या नोंदीखेरीज धावपट्टीचा आकडा नक्की करता येणार नाही, एवढंच. साहेबानं दोनदा वाचलं. जुनं प्रकरण त्याच्याही कानावर असावं. कारण तिसऱ्यांदा वाचण्याऐवजी त्यानं तिच्याकडे बघितलं.

"हे नुसतं मोजणीसाठीच आहे ना?"

"मोजणीसाठी तर आहेच."

त्यानं सही केली. नको म्हणायला नियमात जागाच नव्हती.

खोदकाम सकाळचं विमान गेल्यावर सुरू झालं. मशीनवाला हळूहळू माती काढत होता. टेपवाला पट्टा घट्ट आवळून कडेला उभा होता, त्या दिवशी कुरकुर बंद. हँगरमधला मोठा मेकॅनिकही आला होता. तो तिच्या वडिलांच्या हाताखाली पाने-पकडी पुसत शिकलेला, आता स्वतः निवृत्तीला आलेला. आईसाठी कुणीतरी खुर्ची आणली. गुडघे दुखत होते तरी ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आणि लांब, बंबाच्या शेडपाशी, काका उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नव्हतं.

दोन पुरुष खोलीवर पहिली नळी लागली. मग नळ्यांचा सांगाडाच वर आला, वाकलेला, गंजून तांबडा झालेला, चिकणमातीनं भरलेला. मग इंजिन. मशीनच्या तोंडात ते लोंबकळलं तेव्हा मोजणीबाईला वाटलं होतं त्याहून ते खूप लहान होतं. एवढ्याशा वस्तूवर दोन माणसं बसून वर गेली होती.

मोठ्या मेकॅनिकनं हात केला. मशीन थांबलं. तो खड्ड्यात उतरला आणि शेपटीच्या बाजूला गुडघे टेकून बसला. तारा कधीच्या कुजल्या होत्या, बोट लावलं की भुगा होत होता. पण तारांना ताणून धरणारे जोड पितळेचे होते. पितळ हिरवं पडलं होतं, खाल्लं गेलं नव्हतं. त्यानं एक जोड बोटांनी साफ केला, खिशातल्या फडक्यानं पुसला, डोळ्यांशी नेला. मग दुसरा. मग तिसरा.

"ताई," त्यानं वर बघून तिच्या आईला हाक मारली. तो तिला ताईच म्हणायचा. "तार आहे."

"काय?"

"लॉकवायर. तिन्हीत आहे. दोन वेढे आणि टोक आत मुडपलेलं. असं टोक मुडपायला मला उस्तादांनी मारून शिकवलं होतं. दुसरं कुणी करत नाही असं."

"जोड किती असतात?" आईनं विचारलं.

मेकॅनिकनं हातातले तीन जोड बघितले. "चार."

चौथा त्यांनी तासभर शोधला. माती चाळली, टेपवाल्यानं तर नखांनी ढेकळं फोडली. सापडला नाही. त्या टोकाला सांगाडा असा चेपला होता की जोड तुटून कुठे उडाला, की डोझरखाली गेला, की शेडमधल्या दोन तुकड्यांबरोबर केव्हाच भंगारात गेला, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. मोजणीबाईला राग आला, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या आकड्याचा राग आला. तीन. चार का नाही?

आई हळूहळू खड्ड्याच्या कडेपर्यंत गेली. मेकॅनिकनं तीन जोड तिच्या तळहातावर ठेवले. तिनं अंगठ्यानं तारेचं मुडपलेलं टोक चाचपलं.

"मी इतकी वर्षं चारही धरूनच चालले होते," ती म्हणाली. "तीन तर हातात आले."

मग तिनं मान वळवून शेडकडे बघितलं आणि काकांना हातानं बोलावलं. ते आले. इतके सावकाश आले की वाटेत कुणीतरी आधाराला जावं की काय असं वाटलं. पुढ्यात येऊन उभे राहिले, मान खाली.

"वहिनी, मी..."

"आत्ता काही बोलू नका," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. टेलिफोनवर बोलायची तोच, सपाट आणि स्पष्ट. "तुम्ही माझ्या पोरीला भरवलंत, ते मी विसरणार नाही. आणि हेही विसरणार नाही. दोन्ही एकदम कसं ठेवायचं ते मला अजून कळत नाही. काही दिवस घरी येऊ नका. मी सांगेन."

काकांनी मान हलवली आणि आले तसे परत गेले.

खड्डा बुजवला गेला. मोजणीबाईनं पुन्हा तिपाई लावली. या वेळी दगडावरची सुई इकडेतिकडे न बघता थांबली. एकशे पंच्याहत्तर अंश आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त, तिन्ही जागी. तिनं नोंद केली. पंधरवड्यात रंगारी आले, पस्तीस खरवडून तिथे छत्तीस आणि पलीकडे अठरा रंगवून गेले. नकाशे बदलले, पाट्या बदलल्या, मनोऱ्यातली माणसं आठवडाभर जीभ चावत जुना आकडा गिळत राहिली आणि मग नव्याला सरावली.

ज्या कामासाठी खणलं ते काम संपलं. पण मोजणीबाईनं आणि मोठ्या मेकॅनिकनं मिळून वर एक पत्र पाठवलं होतं. सोबत जोडांचे फोटो, जागेचा नकाशा. आणि एक जबाब. तो काकांचा होता. त्यांनी स्वतः कार्यालयात येऊन, कुणी न मागता, साहेबासमोर लिहून दिला होता. तेव्हाच्या साहेबानं सांगितलं, मी ढकललं, चौकशीपूर्वी ढकललं. खाली अंगठ्याएवढी मोठी सही.

उत्तराला चार महिने लागले. ते आलं त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. आई खिडकीशी बसली होती.

"वाच," आई म्हणाली.

तिनं वाचलं. प्रकरण जुनं असल्यानं नव्यानं चौकशी होणार नाही. मात्र मूळ अहवाल विमानाचे अवशेष प्रत्यक्ष न तपासता लिहिला गेला होता आणि सापडलेल्या तीनही जोडांना लॉकवायर घातलेली आढळली, अशी नोंद त्या अहवालाला कायमची जोडण्यात येत आहे. मेकॅनिकच्या निष्काळजीपणाबाबतचा निष्कर्ष यापुढे सिद्ध मानला जाऊ नये.

"निर्दोष असं नाही म्हटलं," मुलगी म्हणाली.

"शेवटचं वाक्य परत वाच. हळू."

तिनं हळू वाचलं. आईनं डोळे मिटून ऐकलं, जसं पलीकडून कुणीतरी क्षीण आवाजात बोलत असावं आणि एकही शब्द निसटू द्यायचा नसावा. मग पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मुलगी तिच्या पायाशी खाली बसली. खिडकीतून ऊन सरकत भिंतीवर गेलं.

"तो कागद घे," आई पदर खाली घेत म्हणाली, "आणि मागच्या गल्लीत जा. त्यांना वाचून दाखव. अक्षर बारीक आहे, त्यांना एकट्यानं जमायचं नाही."

"आणि काय सांगू?"

आई उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, एकदा थांबून, मग पूर्ण.

"सांग, आईनं पाठवलंय. पुढचं त्यांना कळेल."

तिनं कागदाची घडी केली, पायात चपला सरकवल्या आणि निघाली.